मंडळीतले मास्तर

दोन बायकांचं भांडण झालं आणि ते गेली दोन हजार वर्षं जगभरच्या देवळांत मोठ्याने वाचलं जातं आहे. एकीचं नाव युवदीया, दुसरीचं सुंतुखे. दोघी फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतल्या. या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं पत्र फार प्रसन्न आहे. स्वतः बंदिवासात असताना लिहिलेलं, तरी पानोपानी आनंदाची भाषा. एवढ्या लाडक्या मंडळीला लिहिता लिहिता शेवटच्या अध्यायात तो एकदम या दोघींची नावं घेतो आणि एकमनाने राहा म्हणून विनवतो.

ही पत्रं घरी बसून एकट्याने वाचण्यासाठी नव्हती. मंडळी जमली की एकजण उभा राहून ती सगळ्यांना वाचून दाखवायचा. म्हणजे ही नावं उच्चारली गेली तेव्हा त्या दोघी तिथेच बसलेल्या असणार, आणि माणसाचा स्वभाव पाहता एकमेकींपासून बऱ्याच लांब.

पौल तिथे जे लिहितो आणि जे लिहायचं टाळतो, दोन्हीचं मला अप्रूप वाटतं. भांडण कशावरून झालं हे तो सांगत नाही. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा देत नाही. दोघींना मिळून एकच उपदेश करून मोकळाही होत नाही. एकीला वेगळी विनंती करतो आणि दुसरीला वेगळी. मग तिथल्याच एका सोबत्याला सांगतो की तू यांना मदत कर. आणि लगोलग आठवण देतो की सुवार्तेच्या कामात या दोघींनी माझ्याबरोबर कष्ट उपसले आहेत. भांडण करणारी माणसं बहुतेक वेळा काम करणारीच असतात. बाकावर नुसतं येऊन बसणारा कशाला भांडेल? त्याला घरी जेवायला जायचं असतं.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं, १८३१ मध्ये ते नगरला आलं आणि पुढे गावोगाव लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांतलीच ही एक. दगडी भिंतींचं देऊळ, लाकडी बाक, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे पेटी आणि तबला. मी तिथल्या कमिटीचा सेक्रेटरी. म्हणजे इतिवृत्त लिहायचं, नोटिसा वाचायच्या आणि मास्तरांना तोंड द्यायचं.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं आणि हातात ‘उपासना संगीत’ची पुठ्ठा सुटलेली प्रत. पुरुषांच्या बाजूचा पहिला बाक त्यांचा. पाळकसाहेबांची जीभ शास्त्रपाठातल्या एखाद्या अवघड नावावर अडखळली, तर मास्तर बसल्या जागेवरून ते दुरुस्त करतात, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. गीताचा स्वर चढा लागला तर पेटीवाल्याकडे असं बघतात की बिचाऱ्याची पुढची काळी पट्टी हमखास चुकते. उपासना पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर मनगटावरचं घड्याळ कानाशी नेतात, जणू बंद तर पडलं नाही ना. वार्षिक सभेत “अध्यक्षमहाराज, माझा एक मुद्दा आहे” असं म्हणून ते उभे राहिले की मागची पोरं एकमेकांना कोपर मारतात आणि स्वयंपाकाकडे गेलेल्या बायका गॅस बारीक करतात.

तो मुद्दा कधीच एक नसतो.

एखाद्या क्लबात असा सभासद असता तर लोकांनी त्याला टाळलं असतं किंवा स्वतः क्लब सोडला असता. इथे दोन्ही अवघड. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्काही भरले नाहीत. त्यात मराठी प्रोटेस्टंट अजून थोडे. एवढ्याशा समाजात सोयरीक फिरून फिरून त्याच घरांत होते. मास्तर माझ्या चुलतसासऱ्यांचे व्याही. सकाळच्या सभेत ज्यांनी मला “सेक्रेटरीसाहेब, नियम वाचलेत का?” असं चारचौघांत विचारलं, त्यांच्याच शेजारी संध्याकाळी साखरपुड्याच्या पंगतीत बसून “मास्तर, अजून थोडी बुंदी घ्या” म्हणायचं. दफनभूमी तर एकच. भांडून भांडून शेवटी जायचं कुठे, हे सगळ्यांना माहीत असतं.

अलीकडे निघून जाण्याची एक वाट झाली आहे. शहरात मंगल कार्यालयाच्या किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यावर नव्या फेलोशिपा भरतात. तिथे गाणी जोशाची, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि येणाऱ्याला कुणी फारसा ओळखत नाही. आमच्यातली दोन-तीन घरं मास्तरांना वैतागून तिकडे गेली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रार्थनेला जाताना रोज पोटात गोळा येत असेल तर माणूस काय करील? पण पुढे त्यांच्याकडूनच कळलं की तिथेही एक गृहस्थ आहेत. मास्तर नाहीत, कंत्राटदार आहेत. मुद्दे मात्र तसेच.

मास्तर असे का झाले, याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पूर्वी आमच्याकडे कायमचा पाळक नव्हता. एका पाळकाकडे अनेक गावं असायची आणि त्यांची फेरी येईपर्यंत मंडळीतलाच एखादा जाणता माणूस उपासना चालवायचा. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मास्तर. शास्त्रपाठ तेच वाचत, संदेश तेच देत, शब्बाथ शाळा तेच घेत, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला तेच जात, आणि कुणाच्या घरी मयत झाली की खड्डा खणायला माणसंही तेच गोळा करत. मग मंडळीची ऐपत वाढली. पाळकांसाठी घर बांधलं. धर्मशिक्षण घेतलेले तरुण पाळक कायमचे राहायला आले. सगळ्यांना आनंद झाला. या आनंदात मास्तर पुलपिटावरून उतरून पहिल्या बाकावर येऊन बसले, आणि त्यांना कुणी दोन शब्दांनी निरोपही दिला नाही. जाणूनबुजून असं झालं नाही. निरोप द्यायला ते कुठे निघालेच नव्हते.

हे कळलं म्हणून त्यांचा त्रास कमी झाला नाही. आपल्याकडच्या गोष्टींना एक खोड आहे. तिरसट म्हाताऱ्याच्या पोटात शेवटच्या पानावर हमखास मध सापडतो. कुणा अनाथ मुलाची फी तो गुपचूप भरत असतो, आणि वाचकाचे डोळे भरून येतात. मास्तरांच्या बाबतीत असं काही उघडकीला आलेलं नाही. ते जसे वरून दिसतात तसेच आतून आहेत, आणि मला ते एका परीने बरं वाटतं. गुपित चांगुलपणा सापडेल या आशेवर धरलेला धीर, तो सापडला नाही की सुटतो. समोरचा माणूस कदाचित कधीच बदलणार नाही हे पक्कं धरून जो धीर धरायचा, त्याचीच इथे गरज आहे.

असा धीर नुसता मनात धरून भागत नाही. त्याला कामाची रीत लागते. ती आम्हाला कुणी शिकवली नाही. एकेका प्रसंगाने हातात दिली.

पहिला प्रसंग कीबोर्डचा. तरुण संघाने वर्गणी काढून कीबोर्ड आणला. त्यात बटण दाबलं की ताल आपोआप वाजतो. पहिल्याच रविवारी नारायण वामन टिळकांच्या भजनाला त्या यंत्राने असा काही ठेका धरला की मास्तर भर उपासनेत उठून बाहेर गेले. जाताना पायरीवर काठी आपटली. झालं, देवळात दोन तट पडले. पोरांचं म्हणणं, मास्तरांना काही नवं खपत नाही. मास्तरांचं म्हणणं, ही प्रार्थना आहे, वरात नव्हे.

गंमत अशी की ज्या भजनांसाठी मास्तर जीव टाकतात ती एके काळी नवीच होती. मिशनऱ्यांबरोबर आलेली बरीचशी गीतं भाषांतरित होती आणि त्यांच्या चाली परदेशी होत्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ओवी-अभंगांचं आपलं सगळं धन या उपासनेत आणून ओतलं. ते स्वतः मिशनच्या चौकटीत मावणारे गृहस्थ नव्हतेच. १९१७ मध्ये चौकट सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. म्हणजे मास्तर ज्याची राखण करत होते ती एका बंडखोराची ठेव होती. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. वाद जिंकण्याजोगा मुद्दा हाती आला म्हणून तो फेकलाच पाहिजे असं नाही.

सांगितलं ते वेगळंच. पोरांना सांगितलं की मास्तरांकडे जा आणि भजनांच्या जुन्या चाली शिकून या. मास्तरांना सांगितलं की पोरांना चाली येत नाहीत, तुम्ही गेल्यावर त्या जातील. दोन्ही वाक्यं खरी होती. मास्तरांनी शिकवायला घेतलं आणि दोन पोरांना पहिल्याच संध्याकाळी हाकलून दिलं. उरलेल्या पोरांना चाली आल्या. आता महिन्यातल्या एका उपासनेत फक्त पेटी-तबला असतो, बाकी वेळी कीबोर्ड, पण त्याचा आपोआप ताल बंद. मास्तर अजूनही कीबोर्डच्या रविवारी कपाळाला आठ्या घालून बसतात. पण बसतात.

दुसरा प्रसंग हिशेबाचा. देवळाच्या छपराची दुरुस्ती झाली तेव्हा मास्तरांनी वार्षिक सभेत पत्र्यांच्या खर्चाची पावती मागितली. खजिनदार चिडले. त्यांना वाटलं, आपल्यावर संशय घेतला. खरं तर मास्तरांची भाषाच संशय घेतल्यासारखी होती. सभेत आरडाओरड झाली. कुणीतरी म्हणालं, देवाच्या घरात पैशावरून भांडता? हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते, कारण देवाच्या घरातल्या पैशाचाच हिशेब सर्वांत चोख हवा. पावती होती, फाइलमध्ये चुकीच्या जागी लागली होती. पैशाचा घोळ काहीच नव्हता. पण त्या वर्षापासून प्रत्येक खर्चाला क्रमांक पडतो, पावत्या त्याच क्रमाने लागतात, आणि सभेच्या आधी आठ दिवस फाइल कुणालाही बघता येते. तक्रार करण्याची रीत वाईट असली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. कुरकुऱ्या माणसाच्या दहा बोलण्यांत एक खरं असतं. बाकी नऊ ऐकायचा कंटाळा आपल्याला तेवढ्या एकासाठी गिळावा लागतो.

याच सभेत मला एक साधी युक्ती गवसली. मास्तर एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडायचे. आम्ही म्हणायचो, हट्टी आहेत. मग मी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहून घ्यायला लागलो, आणि लिहिलेलं तिथल्या तिथे वाचून दाखवायला लागलो. “मास्तर, असंच ना?” “असंच. ‘तातडीने’ हा शब्द राहिला.” तो घातला. ते बसले. निम्मी पुनरुक्ती ऐकून घेतलं जात नाही या खात्रीतून येत होती. ठराव त्यांच्या विरुद्ध गेला तरी त्यांचं म्हणणं वहीत राहायचं, सहीनिशी. शिक्षकाला वहीचं मोल कळतं.

सुगीच्या सणाची गोष्ट सांगितली नाही तर आमच्याकडचे लोक माझ्यावर रागावतील. सणाला लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवळात आणतात. बाजरीची कणसं, भोपळे, लिंबं, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. एका वर्षी छपरावरून बिनसलेले मास्तर आणि खजिनदार एकाच भोपळ्यावर बोली लावायला लागले. भोपळा बाजारात चाळीस रुपयांना मिळाला असता. दोघं आठशेवर गेले. तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, “भांडण असंच चालू राहू दे, देवळाला रंग काढून होईल.” सगळं देऊळ हसलं. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी पुढची बोली लावली नाही. भोपळा खजिनदारांच्या घरी गेला आणि आठवडाभर त्या घरात भोपळ्याची भाजी झाली.

हसण्याचं हे बळ मराठी ख्रिस्ती समाजाला लक्ष्मीबाई टिळकांनी वारशाने दिलं आहे. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेलं ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठी गद्याचा अलंकार म्हणून वाचतो. पण ते एका अतिशय अवघड माणसाबरोबर काढलेल्या आयुष्याचंही पुस्तक आहे. टिळकांचा संताप, लहरी, घरातलं होतं नव्हतं ते देऊन टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणं, यांतलं काहीच लक्ष्मीबाई लपवत नाहीत. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग आपल्या पायांनी आल्या आणि १९०० मध्ये आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्या निमूट सोसत बसलेल्या नाहीत. त्या वाद घालतात, टोमणे मारतात, आपलं म्हणणं पुढे रेटतात आणि पुष्कळ हसतात. ज्याच्यावर हसता येतं त्याचा द्वेष करणं कठीण होतं. मात्र हसू त्याच्या तोंडावर असावं, पाठीमागे नसावं.

पाठीमागे, हा आमचा मोठा रोग. येशूने शिष्यांना एक रीत घालून दिली आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ती आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडे जा आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना बरोबर ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आम्ही मंडळीतली माणसं या पायऱ्या बरोबर उलट्या चढतो. आधी सगळ्यांना सांगतो. फाटकाशी, लग्नात, आणि आता व्हॉट्सअॅपवर. मग दोघा-तिघांची टोळी जमवतो. आणि ज्याच्याकडे पहिल्यांदा जायचं त्याच्याकडे कधीच जात नाही. मास्तर वाईट आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक, फक्त मास्तरांना त्याचा पत्ता नाही.

आमच्या पाळकसाहेबांनी ही रीत सुलटी केली. छपराच्या भांडणानंतर मास्तर आणि खजिनदार दोघांनीही प्रभुभोजन घेणं थांबवलं होतं. मनात राग ठेवून त्या मेजाजवळ जायचं नाही, ही जुन्या लोकांची निष्ठा. भाकर आणि प्याला बाकावरून पुढे सरकला की दोघंही खाली बघत बसायचे आणि सगळी मंडळी दोघांकडे. एरवी लहानसं भांडण अशा वेळी फार मोठं दिसतं. पाळकसाहेब एका दुपारी मोटरसायकल काढून एकटेच मास्तरांकडे गेले. चहा घेतला. त्यांच्या शाळेबद्दल विचारलं. मग सरळ सांगितलं, “मास्तर, पावती मागणं बरोबर होतं. ज्या शब्दांत मागितली ते बरोबर नव्हतं. तुमच्या बोलण्याने एक प्रामाणिक माणूस चोर ठरला.” मास्तर रागावले, तासभर बोलले. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं, पण आपलं वाक्य मागे घेतलं नाही. मग तसेच एकटे खजिनदारांकडे गेले. असं बरेच महिने चाललं. नाताळच्या सुमारास दोघं एकाच रविवारी मेजाकडे आले. मिठी वगैरे काही झाली नाही. “सलाम” म्हणाले, एवढंच.

त्याच अध्यायात पुढे पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि उत्तर मिळतं सत्तर गुणिले सातचं. हे उत्तर आम्हाला तोंडपाठ असतं. त्याच्या आधीची, तोंडावर जाऊन सांगण्याची रीत मात्र वाचताना आम्ही भराभर पुढे जातो. दोन्ही गोष्टी एका पानावर आहेत त्या उगाच नाहीत. जो कधी काही सांगतच नाही, त्याची क्षमा म्हणजे नुसता कंटाळा.

कधी कधी एवढं सगळं करूनही जमत नाही. पौलाचंच बघा. पौल आणि बर्णबा दोघं जिवाभावाचे सोबती. योहान मार्क नावाच्या तरुणाने एका प्रवासात अर्ध्यावर साथ सोडली होती. पुढच्या प्रवासात त्याला घ्यावं की नाही यावरून दोघांत एवढी तेढ आली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. प्रेषितांच्या कृत्यांत हे साफ लिहिलं आहे, झाकलेलं नाही. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच मार्क कामाचा माणूस म्हणून बोलावला जातो. मधली वर्षं दोघं लांब राहिले म्हणून हे घडू शकलं, असं मला वाटतं. काही माणसांशी धीराने वागायचं तर अंतर ठेवून वागावं लागतं. एकाच कमिटीवर दोघांना बसवण्याचा हट्ट करू नये.

आणि घाई करू नये. ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज आमची मंडळी आहे, तिच्यासाठी वाटाघाटी सुरू झाल्या १९२९ मध्ये आणि चर्च स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला. मध्ये चार दशकं गेली. सहा वेगवेगळ्या परंपरांची मंडळी एकत्र यायची होती. कुणी बिशप मानणारे, कुणी न मानणारे. बाप्तिस्म्याचा प्रश्न सर्वांत अवघड. काही जण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, काहींच्या मते कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याखेरीज बाप्तिस्माच नाही. तोडगा निघाला तो असा की दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये चालतील. कुणाचीच पूर्ण जीत झाली नाही. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया तर ऐन वेळी बाहेर राहिलं. तरी बाकीचे एकत्र आले. मोठ्या विद्वान बिशपांना बाप्तिस्म्यावरून चार दशकं लागली, तर आमच्या मास्तरांना कीबोर्डवरून चार वर्षं का लागू नयेत?

इथे एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी, कारण धीराच्या नावाखाली मंडळ्यांत फार वाईट गोष्टीही झाकल्या गेल्या आहेत. अवघड स्वभाव वेगळा आणि अपराध वेगळा. मास्तर घड्याळ दाखवतात, टोचून बोलतात, सभा लांबवतात, हा स्वभाव. पण जो मंडळीचे पैसे खातो, बायकांना त्रास देतो, लेकरांच्या अंगाला हात लावतो, त्याच्याबाबत “धीर धरा, प्रार्थना करा” म्हणणं हा त्या अपराधातला वाटा आहे. आपण मूठभर लोक, बाहेर कळलं तर काय म्हणतील, ही भीती मी ऐकली आहे. ती भीती नेहमी दुबळ्याच्या खांद्यावर ठेवली जाते. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलचा २०१२ चा कायदा तर माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा मानतो. अशा वेळी एकट्याने घरी जाऊन चहा घ्यायचा नसतो. तक्रार नोंदवायची असते, आणि ज्याला इजा झाली त्याच्या बाजूने उभं राहायचं असतं. धीर धरणाऱ्याने तो आपल्या खिशातून द्यावा. दुसऱ्याकडून, तेही जखमी माणसाकडून, वसूल करू नये.

स्वभावाच्या बाबतीत मात्र माझं मत आता पक्कं झालं आहे. मंडळी म्हणजे मनासारख्या माणसांची मैफल असती तर तिला प्रार्थनेची एवढी गरज पडली नसती. ज्याच्याशी आपलं कधी जमणार नाही अशा माणसाच्या बाकावर बसून तीच भाकर मोडायची, एवढंच तिथे शिकायचं असतं, आणि ते घरी एकट्याने बायबल वाचून शिकता येत नाही. मास्तरांमुळे आमच्या पावत्या नीट लागल्या, पोरांना चाली आल्या आणि माझं इतिवृत्त सुधारलं, हे खरं. पण यांतलं काही झालं नसतं तरी ते मंडळीतच असते. उपयोगी पडतात म्हणून त्यांना तिथे जागा आहे असं नाही.

तुमच्याही मंडळीत, सोसायटीत, भजनी मंडळात असं कुणी असेलच. त्याच्याबद्दल आज कुणाला काही सांगू नका. आधी त्याच्या घरी जा, एकटे जा, जे खरं आहे ते तोंडावर सांगा आणि त्याचंही शेवटपर्यंत ऐका. मग पुढच्या रविवारी तुम्ही या, आणि तो आला तर त्याला सरकून जागा द्या.